भोंग्यावरचे सहा आकडे

मी संशयी आहे, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. दुधाचं माप मी दोनदा ओतायला लावते. बसमध्ये शेजारची बाई जरा वाकली की माझा फोन पालथा होतो. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या माणसाला मी इतके उलटे प्रश्न विचारते, की शेवटी तोच वैतागून फोन ठेवतो. माय म्हणते, "हिच्यासाठी पोरगा आणला तर हे त्याचं आधार कार्ड उजेडात धरून पाहीन." माय हसत म्हणते, पण मी खरंच धरून पाहीन.

हा नुसता स्वभाव नाही, त्याचा मी रीतसर अभ्यास केला आहे. आदिलाबादच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते आणि गेली काही वर्षं हॅकिंगच्या स्पर्धांमध्ये उतरते. हॅकिंग म्हटलं की आमच्या स्टाफरूममधले लोक स्वतःच्या फोनकडे बघायला लागतात, म्हणून आधीच सांगते: ही परवानगीची घरफोडी असते. आयोजक एक खोटी वेबसाइट बनवतात, तिच्यात मुद्दाम भोकं ठेवतात आणि आत कुठेतरी एक गुप्त ओळ दडवतात. त्या ओळीला झेंडा म्हणतात. भोक शोधायचं, आत शिरायचं, झेंडा आणायचा. मग अहवाल लिहायचा. पहिला संशय कशावर घेतला, तो खोटा कसा ठरला, दुसरा कशावर घेतला, भोक कुठे सापडलं आणि ते बुजवायचं कसं. एकही पायरी गाळायची नाही, गाळली तर गुण कापतात. मला तो अहवाल लिहायला फार आवडायचं.

त्या वर्षी हैदराबादला एका स्पर्धेची अंतिम फेरी होती. शेवटच्या कोड्यात मी पाच तास घातले. पासवर्डची यंत्रणा उलटीपालटी केली, फाइली उकरल्या, हाती काही लागलं नाही. वेळ संपल्यावर कळलं की झेंडा सर्व्हरने पाठवलेल्या साध्या उत्तरातच पडून होता. पडद्यावर दिसत नव्हता, पण मागे काय येतंय ते उघडून पाहिलं असतं तर पाच मिनिटांचं काम. परीक्षक बाई म्हणाल्या, "मैडम, आपने सब पे शक किया, बस सामनेवाली चीज़ पे नहीं किया." सगळ्यांसमोर म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये आदिलाबादच्या अलीकडचं नेरडीगोंडा मागे पडलं तरी मी धुमसत होते. कॉलेजला आठवड्याची सुट्टी होती, म्हणून आदिलाबादच्या खोलीवर दोन दिवस काढून मंगळवारी मी तशीच धुमसत गावी गेले.

आमचं गाव आदिलाबादहून बसने तासाभरावर, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. घरी फक्त बाबा होते. माय माझ्या मावसबहिणीच्या बाळंतपणासाठी महिनाभर उटनूरला गेलेली. बाबा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले, पण अख्खं गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. माझा आजा याच गावात सालगडी होता. ज्या घरी तो वर्षानुवर्षं राबला, त्या घराच्या ओट्यावर त्याला कधी कुणी बसा म्हटलं नाही. त्याच घरातल्या पोरांना पुढे बाबांनी बाराखडी शिकवली, आणि आता त्या घरचे लोक अडलेला कागद घेऊन आमच्या ओसरीत येऊन बसतात. बाबांनी आयुष्यात काय मिळवलं असं कुणी विचारलं तर मी शेतही सांगणार नाही आणि पेन्शनही नाही. गाव त्यांच्यावर विश्वास टाकतं, एवढंच सांगेन.

चहा करून मी ओसरीत बसले होते. बाबा उठले. विहार आमच्या घराला लागूनच आहे आणि त्याच्या भोंग्याचा माईक आमच्याकडे असतो, कारण रोज सकाळची वंदना बाबाच लावतात. त्यांनी माईक हातात घेतला, दोन फुंका मारल्या आणि म्हणाले, "पिंपळाजवळच्या घरासाठी. आठ, दोन, दोन, सात, शून्य, चार. परत सांगतो. आठ, दोन, दोन..."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. सहा आकडे. ओटीपी होता तो.

"बाबा, हे काय करून राह्यले तुमी?"

"टोकनाचा नंबर हाय. त्यायनं मागितला."

मग सगळी कथा कळली. आमच्याकडचा बराच कापूस भैंसा गावाच्या वाटेवरच्या एका जिनिंगवर जातो. गाड्यांची रांग फार व्हायला लागली म्हणून जिनिंगवाल्याने त्या हंगामात एक ॲप बनवून घेतलं होतं. ॲपवर तारीख घ्यायची, टोकन मिळतं, त्या दिवशीच गाडी न्यायची. आत शिरायला मोबाइल नंबर टाकायचा आणि त्या नंबरावर आलेले सहा आकडे भरायचे. जिनिंगचा क्लार्क नोंदणीला गावात आला, तेव्हा प्रत्येकाला नंबर विचारला. आता आमच्याकडची रीत अशी, की रिचार्ज संपला की लोक सिमच बदलतात. त्यात मेसेज येणार इंग्रजीत नाहीतर तेलुगूत. पाटलीणकाकूंनी सगळ्यांत आधी सांगितलं, "गुरुजीचा लिवा." मागच्यानेही तेच सांगितलं, आणि त्याच्या मागच्यानेही. एका नंबरावर जमिनीची कितीही पासबुकं जोडता येत होती, त्यामुळे गावातले निम्मे शेतकरी बाबांच्या एका नंबरावर गेले. कुणी विसरू नये म्हणून तो नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवला होता.

म्हणजे प्रत्येक जण बाबांना सांगून ठेवून आपापल्या घरी ॲपमध्ये त्यांचा नंबर टाकणार, आकडे बाबांच्या फोनवर येणार आणि बाबा ते भोंग्यावर अख्ख्या गावाला वाचून दाखवणार.

मी कॉलेजात पोरांना सांगते, ओटीपी सख्ख्या आईलाही सांगू नका. मी बाबांवर जवळजवळ ओरडलेच. "उद्या कोणीही ऐकून आत शिरेल!"

बाबांनी माईक खुंटीला अडकवला. "कोण शिरन? सगळ्या गावानं ऐकलं ना. पिंपळाजवळच्या घराचा नंबर आला, हे सगळ्यायले मालूम झालं. दुसऱ्या कोणी टाकला तर गावच त्याले धरन. लपून आलेला आकडा चोरता येते, बाई. सांगतलेला कसा चोरशीन?"

हे ऐकून मी हसले, जरा हिणवूनच. हैदराबादचा राग काढायला मला कुणीतरी हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटलीणकाकू आल्या. माझा आजा राबला ते घर यांचंच. नवरा गेल्यापासून काकू स्वतः शेत बघतात. सकाळी कापसाने भरलेली गाडी घेऊन त्या जिनिंगवर गेल्या होत्या, टोकन त्याच दिवसाचं होतं. गेटवर क्लार्कने सांगितलं, तुमचं टोकन शनिवारीच रद्द झालंय, आता पुढची तारीख बारा दिवसांनी. भरलेली गाडी तशीच परत आणावी लागली होती. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर लिहिलं होतं, 'तुमच्या विनंतीनुसार रद्द'.

"म्या कोणाले विनंती केली, सांग बरं."

बाबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. गुरुवारी सकाळी आणखी दोघे जण येऊन गेले. त्यांचीही टोकनं गेली होती, एकाचं शनिवारी, एकाचं सोमवारी. त्यांतला एक जण जाताना बाबांकडे न बघता म्हणाला, "रविवारी चावडीवर बसू म्हणतेत सगळे. तुमी याच गुरुजी." मी त्याचा चेहरा नीट बघून घेतला. मला तो चेहरा बरा वाटला नाही.

आता माझं डोकं चालायला लागलं. टोकन रद्द करायचं तर आत शिरावं लागतं. आत शिरायला सहा आकडे लागतात. ते आकडे येतात एकाच फोनवर. भोंग्यावर ऐकून कुणी वापरले म्हणावं, तर काकू म्हणत होत्या शनिवारी त्यांनी आकडे मागितलेच नव्हते, मग बाबांनी वाचायचे कुठून? म्हणजे न मागितलेले आकडे आले असणार आणि ते फक्त फोनवाल्याने पाहिले असणार. फोनवाला एकच.

मी स्वतःलाच दटावलं. पण संशय एकदा आत आला की तो निघायचं नाव घेत नाही. मला एकेक गोष्ट आठवायला लागली. काकूंचा मेसेज वाचल्यावर बाबांनी चष्मा काढला होता. आदल्या दिवशी फोन वाजला तर ते बोलायला मागच्या दाराने बाहेर गेले होते. एरवी मी घरी आले की बाबा बडबड करतात, या वेळी गप्प होते. टोकन रद्द झालं की मोकळी झालेली तारीख जिनिंगवाल्यांना दुसऱ्याला विकता येते, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाबांना कुणी गोड बोलून गुंडाळलं असेल का? का नुसतं गुंडाळलेलं नव्हतं? हा दुसरा विचार मी केला. केला हे कबूल करते.

बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचा फोन उचलला. त्याला कुलूप नव्हतंच, दोन वर्षं मी लावा लावा म्हणत होते. मेसेज उघडले. शुक्रवारचे होते, मंगळवारचे होते. शनिवार ते सोमवार, एकही नाही. पुसलेले होते. कॉलची यादी उघडली, तर शनिवारी दुपारी आणि सोमवारी दुपारी एकाच नंबरावर फोन. तो नंबर जिनिंगच्या क्लार्कचा होता, बाबांनीच 'जीनिंग सार' म्हणून जतन केलेला. सरावाने मी त्या यादीचा माझ्या फोनवर फोटो काढला. पुरावा हातचा जाऊ द्यायचा नाही, हे मी पोरांना पहिल्या तासाला शिकवते.

बाबा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले, तेव्हा मी फोन जागेवर ठेवला होता. पण उलटा ठेवला होता, पालथा, माझ्या सवयीप्रमाणे. बाबा फोन कधीच पालथा ठेवत नाहीत. त्यांनी तो उचलला, सुलटा केला आणि खिशात टाकला.

जेवताना मी आडून विचारलं, "त्या जिनिंगवाल्याशी तुमचं बोलणं होते का कधी?"

"होते कधी कधी," बाबा म्हणाले आणि भाकरी मोडत राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी हेही मनात टिपून ठेवलं.

शुक्रवारी मी लॅपटॉप काढला. बाबांना वाचवायला काढला, असं मला आज म्हणावंसं वाटतं, पण तेव्हा मला फक्त खात्री करून घ्यायची होती. ॲपची वेबसाइटही होती. आमच्या दोन एकरांचं पासबुक त्याच नंबरावर जोडलेलं होतं, तेव्हा आपल्याच घरावर प्रयोग करू म्हटलं. नंबर टाकला, 'ओटीपी पाठवा' दाबलं आणि या वेळी हैदराबादची चूक करायची नाही म्हणून सर्व्हरचं उत्तर आधी उघडून पाहिलं.

उत्तरात 'मेसेज पाठवला' असं होतं. आणि त्याच्याच खालच्या ओळीत, कुणालाही वाचता येतील असे, ते सहा आकडे होते.

मी तीन वेळा वाचलं. सर्व्हर आकडे फोनवर तर पाठवत होताच, शिवाय मागणाऱ्याच्या कॉम्प्युटरलाही देऊन टाकत होता. म्हणजे फोन कुणाच्या हातात आहे याला काही अर्थच नव्हता. नंबर माहीत असला की बस. आणि आमचा नंबर पंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात होता.

मी अजून पडद्याकडे बघत होते, तेवढ्यात डोक्यावर भोंगा वाजला. दोन फुंका, आणि बाबांचा आवाज.

"एक नंबर आला हाय. कोणी मागितला? ई नंबर एवरिदि? ज्यानं मागितला त्यानं सांगा, नाई तर मी वाचत नाई." थोडा वेळ गेला. पुन्हा तेच, मराठीत आणि तेलुगूत. तिसऱ्यांदाही. मग माईक बंद झाल्याचा खटका आणि ओसरीतून फोनवर बोलणं. "सार, फिर से आया. किसीने मांगा नहीं. हां, उस दिन जैसा ही. मिटा दूं? अच्छा, मिटा देता हूं."

मी जागची हलले नाही. शनिवारी हेच झालं होतं. सोमवारीही हेच. न मागितलेले आकडे आले, बाबांनी सगळ्या गावाला विचारलं, कुणी ओ दिली नाही, मग ज्याचं ॲप त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला पुसून टाका, यांनी पुसले. जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं सगळं माझ्या बापाने केलं होतं, तेही भोंग्यावरून. मी तेव्हा गावात नव्हते म्हणून मला ऐकू आलं नव्हतं, एवढंच.

बाहेर जाऊन मी म्हटलं, "बाबा, मी मागितला होता."

"तू? मंग सांगाचं ना, बाई. मी उगाच तीनदा बोंबललो."

मी त्यांना भोक समजावलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, शाळा तपासायला आलेल्या साहेबाचं ऐकावं तसं. "म्हंजे आकडा दोघायकडे जाते. मी गावाले सांगो का नको सांगो, चोराले आधीच पोचलेला," ते म्हणाले. माझ्या कॉलेजातल्या निम्म्या पोरांना हे एका तासात कळलं नसतं. मी फोन तपासल्याचं मात्र त्यांना सांगितलं नाही.

शनिवारी अहवाल छापून मी जिनिंगवर गेले. मॅनेजरने पहिलं पान वाचलं आणि खुर्ची मागे सरकवली. "मैडम, आपको ये करने को किसने बोला?" कुणीच बोललं नव्हतं आणि परवानगीही नव्हती, ते बरोबर होतं. मी म्हटलं, मी फक्त आमच्याच घरचं पान उघडलंय, कुणाच्या टोकनाला हात लावलेला नाही, आणि हे आधी तुम्हालाच सांगायला आले आहे. तो म्हणाला, ॲप फोडणं गुन्हा आहे, पोलिसात देऊ शकतो. मग अहवालावर बोट ठेवून म्हणाला, "ओटीपी तो आपके पिताजी के फोन पे आता है ना? पहले घर में देखा क्या?"

"देखा," मी म्हटलं. ताठ मानेने म्हटलं. त्या क्षणी मला त्याची लाज वाटली नाही, उलट आपण पायरी गाळलेली नाही याचं समाधानच वाटलं.

क्लार्क दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. आकडे पुसून टाका म्हणणारा हाच, आणि मोकळी झालेली तारीख कुणाला द्यायची हे ठरवणाराही हाच. माझा त्याच्यावर आजही संशय आहे. पुरावा तेव्हाही नव्हता, आजही नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वेबसाइट बंद पडली आणि रविवारी रात्री भोक बुजवून सुरू झाली. मला कुणी कळवलं नाही की आभार मानले नाहीत.

रविवारी सकाळी चावडीवर गेलो. तीस-चाळीस माणसं होती. मी लॅपटॉप छातीशी धरला होता आणि मनात भांडणाची पूर्ण तयारी होती. सालगड्याच्या पोराला आज हे लोक जाब विचारणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं. कुणीतरी बाबांसाठी खुर्ची पुढे केली, तर मला वाटलं आरोपीला मधे बसवतायत.

सरपंच म्हणाले, "सांगा गुरुजी, काय करावं आता?"

बाबा म्हणाले, "पोरीनं शोधलं हाय. तेच सांगन."

मी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि हैदराबादला जे मिळालं नव्हतं ते इथे मिळत होतं. मी जरा फुशारले. मी बोलायला लागले ते थेट अहवालाच्या क्रमाने, कारण मला दुसरा क्रम येतच नाही. "सगळ्यात आधी मी भोंग्यावर संशय घेतला. पण टोकनं गेली त्या दिवशी काकूंनी आकडे मागितलेच नव्हते, म्हणून तो सोडला. मग उरला फोन. म्हणून दुसरा संशय घेतला बाबांवर. गुरुवारी सकाळी त्यांचा फोन तपासला. मेसेज पुसलेले निघाले, जिनिंगच्या क्लार्कला केलेले कॉल निघाले. त्यामुळे संशय वाढला. पण शुक्रवारी..."

मघापर्यंत खोकला, कुजबुज, तंबाखू मळणं चाललं होतं, ते सगळं थांबलं होतं.

पाटलीणकाकू खांबाला टेकून बसल्या होत्या. "थांब," त्या म्हणाल्या. "तू आपल्या बापावर संशय घेतला?"

"काकू, तपासावं लागते सगळं..."

"काऊन? शनिवारी गुरुजी तीनदा भोंग्यावर बोलले, हा नंबर कोणाचा, हा नंबर कोणाचा. म्या सोता ऐकलं वावरातून. सोमवारी बी बोलले. अख्ख्या गावानं ऐकलं. माझं टोकन गेलं, पण माझ्या मनात बी नाई आलं व माय असं." मग इतरांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्यापैकी कोणाच्या आलं का?"

गुरुवारी घरी आलेला तो माणूस, ज्याचा चेहरा मला बरा वाटला नव्हता, खाली बघत म्हणाला, "आमी तं गुरुजीले सल्ला इचाराले बोलावलं होतं."

मी पुढचं सगळं सांगितलं. भोक कुठे होतं, आता प्रत्येकाने आपापला नंबर का जोडावा, भिंतीवरचा नंबर का पुसावा. लोकांनी माना डोलावल्या. बाबा खुर्चीत सरळ बसून होते, हात गुडघ्यांवर, वर्गात एखादं पोर चुकीचं उत्तर देतं तेव्हा बसायचे तसे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मला फार लाज वाटत होती.

घरी येताना अर्ध्या वाटेवर मी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं."

"चुकलं कुठं? कामच हाय ते तुझं."

थोडं चालून मी पुन्हा म्हटलं, "तुम्हाला गुरुवारीच कळलं होतं ना? फोन पालथा होता म्हणून."

"हो."

"मग बोलले काऊन नाही? सांगितलं असतं एका शब्दात, की क्लार्कने पुसायला लावले."

बाबा थांबले. रागाने नाही, चप्पल नीट करायला थांबले. "तू इचारलं असतं तं सांगतलं असतं. तू इचारलं नाई, माय. तू तपासलं."

घरी जाऊन मी स्वयंपाक केला, बाबांनी भाजी चांगली झाली म्हटलं, आणि बाकीचा दिवस नेहमीसारखा गेला.

सोमवारी सकाळी माझी बस होती. पिशवी भरून दारात ठेवली, तेव्हा बाबा फोन घेऊन आले. "जाता जाता याले कुलूप कसं लावतेत तेवढं दाखवून दे."

दोन वर्षं मी या एका गोष्टीसाठी त्यांच्या मागे लागले होते. आम्हाला काय लपवाचं हाय, असं म्हणून ते दर वेळी उडवून लावायचे. मी सेटिंग उघडली, कुठे दाबायचं ते दाखवलं, चार आकडे निवडा म्हटलं. जन्मसाल नको, एक दोन तीन चार नको, हे सवयीने सांगितलं.

"अन कोणाले सांगाचे नाई ना?"

"कोणालाच नाही."

"तुले बी नाई?"

"मलाही नाही," मी म्हटलं. कॉलेजात पोरांना मी हेच सांगते.

बाबांनी मान हलवली. मग फोन छातीशी धरून ते भिंतीकडे वळले, माझ्याकडे पाठ केली आणि एकेक आकडा सावकाश दाबला. दोनदा दाबला, दुसऱ्यांदा खात्रीसाठी लागतो तसा. झाल्यावर फोन खिशात ठेवून म्हणाले, "चाल, बस येईन."

त्यांनी माझी पिशवी फाट्यापर्यंत आणून दिली आणि बस येईपर्यंत न थांबता परत गेले. कुणाला तरी टोकन हवं होतं. नंबर बदलायला लोक जिनिंगवर जातील तेव्हा जातील, तोवर गाव त्यांच्याच नंबरावर होतं. मी फाट्यावर उभी असताना विहाराचा भोंगा वाजला, दोन फुंका आल्या आणि बाबांनी पाटलीणकाकूंच्या घराचे सहा आकडे खणखणीत आवाजात सगळ्या गावाला दोनदा सांगितले. ते मला फाट्यावरही स्पष्ट ऐकू आले. त्यांच्या फोनचे चार आकडे मला आजही माहीत नाहीत.